उत्तरार्ध तुझ्याकडे

३ फेब्रुवारी

ठकू,

तुझं अर्धं पुस्तक पोचलं.

सहा वर्षांत ना पत्र ना फोन, आणि आता पाकिटातून एका कादंबरीचा पूर्वार्ध. सोबत चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. पण मला कळायचं ते कळलं. असं अर्धं पुस्तक जगात दुसरं कोण कोणाला पाठवणार? बाबा नवीन पुस्तक आणायचे, आपण दोघी मांजरींसारख्या त्यावर तुटून पडायचो, म्हणून मग ते मेण कापायची पाती ज्योतीवर गरम करून पुस्तक शिवणीत मधोमध सोडवायचे. पहिला अर्धा थोरलीला, दुसरा धाकटीला. ही रीत आपल्या घराबाहेर कुठे असेल असं मला वाटत नाही.

पण फाडलंस किती वाईट गं. बाबांनी एक दोराही कधी तुटू दिला नाही, आणि हे म्हणजे उंदरानं कुरतडल्यासारखं. वाक्यसुद्धा मध्येच तुटलंय. 'त्याच्या थंडगार हातात तिचा हात होता आणि त्याच क्षणी तिला उमगलं की' इथे पान संपलं. काय उमगलं ते तुझ्याकडे. इतकी वर्षं कवळ्या घडवलेला तुझा हात, असा कसा बिघडला?

आणि पुस्तक तरी काय निवडलंस. कोवळ्या वयाच्या पोरांसाठी आहे हे मुखपृष्ठावरून दिसतंच. धुकं, मनोरा, आणि एका मुलीचे उडणारे केस. म्हटलं, ठकूनं पाठवलंय, काहीतरी असेल. डोंबलाचं. मुलगी मावशीकडे राहायला येते. पडक्या मनोऱ्यात तिला एक मुलगा भेटतो. सावली पडत नाही, अंग थंडगार, बारा महिने तोच लांब कोट, गावातल्या एकाही माणसाला तो दिसत नाही. हा भूत आहे हे मला पहिल्या प्रकरणातच कळलं. ही बया अर्धं पुस्तक संपत आलं तरी त्याला विचारतेय, तू दुपारी जेवायला कुठे जातोस?

त्यात शाळेतली एक मुलगी गायब झालीय, आणि सगळा संशय मावशीवर. असल्या पुस्तकात बिनलग्नाची मावशी दिसली की ती एक तर खुनी असते, नाही तर वेडी. मी बिनलग्नाची मावशी आहे, तेव्हा मला जरा जास्तच लागलं.

माझं ठीक चाललंय. कामाची खोली तीच, खिडकीखालचा बाक तोच. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई अजून मापं पाठवतात, मी प्लास्टरचे साचे ओतते, मेणात दात लावते. संध्याकाळी केसांतून कवळ्या घासताना उडालेली गुलाबी भुकटी झाडते, आपण झाडायचो तशीच. फरक इतकाच की आता पाठीवरची झाडायला कोणी नाही.

उत्तरार्धात काय होतं ते सांगू नकोस. नियम तो नियम.

ताई

१६ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र आलं याचा आनंद झाला. तो पाकीट फोडेपर्यंत टिकला.

म्हणे, 'मी काहीही पाठवलेलं नाही. उत्तरार्ध तूच मला पाठवलास. फाडताना हात थरथरला का? वय झालं तुझं.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लहानपणापासून तुझी ही खोड. करायचं आणि मग नामानिराळं राहायचं. साखरेच्या डब्यात हात घालून सापडलीस तरी म्हणायचीस, मी मुंग्या मोजत होते.

पहिलं पाऊल तू टाकलंस, त्यात कमीपणा कसला? मी तर डॉक्टरीणबाईंनाही सांगून टाकलं, माझ्या बहिणीनं पुस्तक पाठवलं म्हणून. त्या म्हणाल्या, अर्धंच? म्हटलं, आमच्यात अर्धंच पाठवतात. आता त्यांना काय सांगू?

आणि तुझं ते शेवटचं वाक्य. 'पुस्तक पाठवलंस म्हणून वाटलं, त्या दिवशी थांबली नाहीस त्याबद्दल तुला काही बोलायचं असेल.'

ठकू, त्या दिवसाचं मी काय बोलू? दुपारी बाबा गेले, दवाखान्यातच. थेट स्मशानात न्यायला गाडी आली. त्यांची कवळी घरी पेल्यात होती. तू म्हणालीस, ज्या माणसानं जन्मभर लोकांना दात दिले तो बोळक्या तोंडानं जाणार नाही, आणि पळालीस. घर दहा मिनिटांवर. तासाभरानंही तुझा पत्ता नाही. गाडीवाला घाई करत होता, पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, चला. तू कवळी हातात घेऊन आलीस तेव्हा खाट मोकळी होती. त्या मोकळ्या खाटेशेजारी तू मला जे बोललीस ते सगळं माझ्या लक्षात आहे, आणि त्याच आठवड्यात सामान बांधून नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघून गेलीस, कवळी घेऊन, तेही.

मी थांबले नाही त्याला कारण होतं. ते मी तुला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू मला कठोर समज. सहा वर्षं समजतेच आहेस, आणखी थोडी समज.

बाकी पुस्तकाबद्दल तुझं म्हणणं मला पटलं. 'तुझी आवड इतकी कशी घसरली?' हाच प्रश्न मी तुला विचारणार होते. तिच्या अंगावर काटा येतो, मग त्याच्या डोळ्यांत वेदना दिसते, मग परत हिच्या अंगावर काटा. साळिंदर आहे की मुलगी? आणि त्या भुताचे दात म्हणे मोत्यांसारखे. मेल्यावर शंभर वर्षांनी मोत्यांसारखे? मला पत्ता द्या त्याचा, माझा धंदा बसेल.

ताई

२७ फेब्रुवारी

कार्टे,

मी तुझी मावशी. तुला मी शेवटची पाहिली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि माझ्या बाकाखाली बसून मेणाची माणसं करत होतीस. आता तुझं पत्र आलंय, तेही आईच्या चोरून.

तुझं पत्र मी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं. 'मावशी, पुस्तक मी फाडलं. पहिला भाग तुला पाठवला आणि दुसरा पाकिटात घालून आईच्या टपालात ठेवला. आई नेहमी सांगते की तुम्ही पुस्तक वाटून वाचायचात. सांगताना हसते आणि मग उठून भांडी घासायला जाते. पण तुझं दुसरं पत्र आल्यापासून ती बोलतच नाहीये. मला वाटलं होतं तुम्ही पुस्तकावरून भांडाल आणि मग नीट होईल. तुम्ही खरंच भांडायला लागलात.'

काय बोलू तुला? तुझ्या आईला मी खोटारडी ठरवलं, तिनं मला म्हातारी ठरवलं, आणि खरा चोर दप्तर पाठीला लावून शाळेत. आम्ही दोघी इतक्या शहाण्या की तिसऱ्या कोणाचा संशय म्हणून आला नाही. त्या पुस्तकातल्या बयेला मी उगाच हसले.

एक मात्र विचारते. पुस्तक फाडताना जीव कसा धजला? तू लिहिलंयस, 'सगळ्या मैत्रिणी म्हणत होत्या भारी आहे म्हणून मी वाढदिवसाला तेच मागितलं. इतकं निराश कधीच कोणी केलं नव्हतं. शेवटी काहीच कळत नाही, खुनी कोण तेही नाही, म्हणे पुढच्या भागात. चांगलं असतं तर फाडवलं नसतं.' हे तुझं उत्तर मला पटलं. पण नियम मोडलास. शेवट सांगितलास. आमच्या घरात त्याबद्दल आठवडाभर बोलणं बंद व्हायचं.

तुझ्यावर रागावले आहे. पण मोठी झाली असशील, कोणासारखी दिसतेस ते मला माहीत नाही, हे लिहिताना माझे डोळे भरले. आईला तुझं तूच सांग. ती ओरडली तर ओरडू दे. भांडी घासायला गेली तर मात्र मागे जा आणि फडकं हातात घे.

मावशी

२८ फेब्रुवारी

ठकू,

एव्हाना तुझ्या लेकीनं तुला सांगितलं असेल. म्हणजे तू पाठवलं नव्हतंस, आणि मीही नाही. काल पहिल्यांदा मला रागच आला. कार्टीचा नाही, माझाच. गेला महिनाभर मी मिरवत होते की शेवटी ठकूनंच माघार घेतली. कसली माघार आणि कसलं काय. आपण दोघी होतो तिथेच बसलेल्या होतो, नाक वर करून.

मनात आलं, आता पत्र थांबवावं. मग बाकावर बसले, एक वरची कवळी मेणात लावायची होती ती चुकले, दात काढून परत लावले, परत चुकले. तेव्हा म्हटलं, कोणीच पाऊल टाकलेलं नाही तर मीच टाकते. तेव्हा ते कारण सांगते. वाचून तुला वाईट वाटेल. म्हणूनच इतके दिवस गिळून बसले होते.

बाबांची ती खालची कवळी तू एकटीनं केलेली पहिली होती. माप घेण्यापासून पॉलिशपर्यंत. बाबांनी ती लावली, आरशात बघितलं आणि म्हणाले, आता माझी चिंता मिटली, दुकानाला दुसरा हात आला. तू दिवसभर गाणं म्हणत होतीस. ठकू, ती त्यांना बोचायची. डाव्या बाजूला, आत. तू खोलीतून गेलीस की ते ती काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे, आणि जिन्यावर तुझं पाऊल वाजलं की घाईघाईनं लावायचे. मी एकदा म्हटलं, तिला सांगा ना, पाच मिनिटांत घासून देईल. म्हणाले, पोरीची पहिली आहे, बसेल हळूहळू. बसली नाही. शेवटच्या वर्षात ते तुझ्यासमोर जेवताना सावकाश चावायचे ते वयामुळे नव्हे.

शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, 'तिला बोलू नकोस. पण आता ते दात परत तोंडात घालू नका. सुटू दे एकदाचा.' आणि दुसऱ्या दिवशी तू कवळी आणायला पळालीस. तू आणली असतीस तर मी तुला अडवणार कशी? सगळ्यांदेखत सांगणार होते का, की तुझे दात त्यांना नको होते? गाडीवाला म्हणाला उशीर होतोय, आणि मला सुटल्यासारखं झालं. मी चला म्हटलं.

तुला मी वाईट वाटले तर चालेल, तुझं काम वाईट वाटायला नको, इतकाच माझा हिशोब होता. आता तू मला हवं ते म्हण. पण पत्रातून म्हण, गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की मला जेवण जात नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये.

ताई

१२ मार्च

ठकू,

तुझं पत्र आलं. डॉक्टरीणबाईंचा माणूस माप घेऊन दारात उभा होता, त्याला मी उद्या ये म्हटलं. इतक्या वर्षांत कोणाला उद्यावर टाकलं नव्हतं.

तुला माहीत होतं.

पूर्ण एक वर्ष तुला माहीत होतं, आणि तूही गिळून बसलीस. मी किती वेडी, की मला वाटलं तुझ्या नजरेतून ते सुटेल. तू लिहितेस की एकदा पेला धुताना तुला त्या दातांच्या फटीत खिशातला दोरा सापडला. आणि चावून दात झिजतात तसे ते झिजलेच नव्हते, नवे कोरे, शिवाय तुझ्यासमोर जेवताना ते डावी बाजू टाळायचे. तू बाबांना म्हणायचीस, द्या जरा घासून देते, आणि ते म्हणायचे, कशाला, झकास बसलीय. ते तुला जपत होते, तू त्यांना जपत होतीस, आणि मी मध्ये बसून दोघांना जपत होते. तिघेही एकाच टेबलावर जेवत होतो. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी पाच मिनिटांचं काम होतं.

आणि तो तास. मला सहा वर्षं वाटत होतं की तुला रिक्षा मिळाली नसेल, किंवा तू घरी बसून रडली असशील. तू कवळ्या घासायच्या मशीनवर बसली होतीस. 'कशाला' म्हणणारं कोणी नसताना कवळी पहिल्यांदाच तुझ्या हातात आली होती आणि तू डाव्या बाजूची आतली कड घासत होतीस, मग बोट फिरवून बघत होतीस, परत घासत होतीस. 'निदान आता तरी त्यांना टोचू नये.' हे तुझं वाक्य मी परत परत वाचते आहे आणि दर वेळी रडते आहे, तेव्हा अक्षर फिसकटलं तर समजून घे.

एक तुला सांगते, तुलाही माहीत नसेल. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कामाच्या खोलीत आले. मशीनखाली गुलाबी भुकटी पडली होती, ताजी. मला वाटलं, माझीच राहिली असेल सकाळची. फडकं घेतलं आणि पुसून टाकली. सकाळी मी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. पण त्या दिवशी कोणाचं डोकं ठिकाणावर होतं?

तू म्हणतेस, 'मग माझ्या हातात ती कवळी ठीक झाली आणि तू निघून गेली होतीस. मी तुला बोलले ते तुला नव्हतं, मलाच होतं.' बरं. मी ते माझं समजून घेतलं होतं. आता परत करते.

तुम्ही दोघी येणार हे वाचून मी आधी बाक आवरला आणि मग घर आवरायला लागले. यावरून ओळख तुझी ताई सुधारलेली नाही. कार्टीच्या परीक्षा संपल्या की लगेच निघा. तुझ्या नवऱ्याला जमलं तर त्यालाही आण, नाही जमलं तर अधूनमधून फोन कर त्याला, तो गरीब माणूस आपल्यामध्ये उगीच भरडला गेला. कार्टी विचारते आहे की मावशी मला मशीन चालवू देईल का. आधी मेण. मेणात एक दात सरळ लावून दाखव म्हणावं, मग मशीन. बाबांनी आपल्याला असंच शिकवलं होतं आणि आपण किती कुरकुरलो होतो.

पुस्तकाचं म्हणशील तर कार्टीनं शेवट फोडलाच आहे. खुनी कोण ते पुढच्या भागात, आणि तो पुढचा भाग अजून आलेलाच नाही म्हणे. तरी मला त्या अर्ध्या वाक्याची चुटपुट लागून राहिली आहे. तिचा हात त्याच्या थंडगार हातात होता आणि तिला काय उमगलं? तू लिहिलंस की तुझं पान 'बाहेर पाऊस थांबला होता' असं सुरू होतं. एवढ्यासाठी मी महिनाभर थांबले. त्या लेखकाला धरून विचारायला हवं, पाऊस होता कधी?

येताना उत्तरार्ध विसरलीस तरी माझं काही अडणार नाही. कवळी मात्र आण. सदऱ्याच्या खिशात टाकू नकोस, रुमालात नीट गुंडाळून आण. तिची डावी कड मला बोट फिरवून बघायची आहे. तू गेलीस त्या दिवसापासून बाबांचा पेला फळीवर आहे तिथेच आहे आणि मी तो रोज विसळते, कशासाठी ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आज विसळला, पाणी भरलं आणि खिडकीत ठेवलाय.

ताई